सरबत टिकवायचं तर आधी काटा आणा: घरगुती उद्योगासाठी प्रिझर्व्हेटिव्हचं सविस्तर मार्गदर्शन

कोकमाचं सरबत आधी डोळ्यांनी विकलं जातं, मग जिभेने. सुरुवातीच्या एका मे महिन्यात मी चाळीस बाटल्या भरल्या. गडद जांभळट लाल रंग, वर जिऱ्याचा वास. टिकावं म्हणून आदल्या आठवड्यात आंब्याच्या स्क्वॅशमध्ये जे घातलं होतं तेच घातलं, म्हणजे केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सल्फाइट गटातली पावडर). सकाळी उठून बघते तर रंग उतरलेला. बाटलीत फिकट, मातकट गुलाबी पाणी दिसत होतं. सरबत खराब झालं नव्हतं, चवही ठीक होती, पण एकही बाटली विकता आली नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बॅचला तीन प्रश्न विचारते. याला प्रिझर्व्हेटिव्ह लागतं का? लागत असेल तर कोणतं? आणि किती ग्रॅम? बचत गटांच्या प्रशिक्षणात पहिले दोन प्रश्न महिला पटकन उचलतात. तिसऱ्यापाशी गाडी अडते, कारण आपल्या स्वयंपाकघरात सगळं अंदाजाने चालतं. भाजीत मीठ चिमटीने पडतं आणि ते बरोबरच पडतं. प्रिझर्व्हेटिव्हच्या बाबतीत मात्र माझं कोणाशीही दुमत असेल तर ते याच एका मुद्द्यावर: चिमूट चालणार नाही, वजनच करावं लागेल.

पहिली पायरी: खरंच गरज आहे का, ते ठरवा

पदार्थ बिघडवतात ते मुख्यतः यीस्ट, बुरशी आणि जिवाणू. त्यांना वाढायला पाणी लागतं. साखर किंवा मीठ भरपूर असेल तर पाणी पदार्थात असूनही त्यांच्या वाट्याला येत नाही. आपल्या आज्यांना हे शास्त्र म्हणून माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं. कोकमाच्या कातळ्यांत, म्हणजे सालींच्या वाट्यांत, साखर भरून बरणी आठवडाभर उन्हात ठेवायची, की सुटलेला रस म्हणजे अमृत कोकम. त्यात साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर असेल तर बाटलीत दुसरं काही घालण्याची गरज नसते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, टिकतं ते मिठावर, मोरंबा साखरेवर. कैरीचं लोणचं मीठ, आंबटपणा आणि वरचं तेल या तिघांवर टिकतं. खार वर यायला हवा आणि फोडी तेलाखाली बुडालेल्या हव्यात, हे जुनं सांगणं आजही तितकंच खरं आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले, मध, खाद्यतेल यांनाही प्रिझर्व्हेटिव्हच म्हटलंय, पहिल्या वर्गातले. बेंझोएट, सल्फाइट, सॉर्बेट, नायट्राइट हे दुसऱ्या वर्गातले. मर्यादेची काळजी करायची ती मुख्यतः या दुसऱ्या वर्गाची.

चिवडा, शेव, चकली या कोरड्या पदार्थांचं दुखणं वेगळं. ते नासत नाहीत, खवट होतात. तेलाचा हवेशी आणि उजेडाशी संबंध आला की खवटपणा येतो. तिथे बेंझोएट घालून उपयोग शून्य. ताजं तेल, पूर्ण गार झाल्यावर भरणं आणि हवाबंद जाड पाकीट हाच त्यावरचा उपाय. कारखाने त्यासाठी अँटिऑक्सिडंट वापरतात, आयएनएस ३१९ किंवा ३२० असे आकडे (पदार्थात घातलेल्या अशा घटकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) पाकिटावर दिसतात ते त्याचेच. घरगुती प्रमाणावर त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

मग गरज कुठे लागते? स्क्वॅश, सिरप, कमी साखरेचं सरबत, टोमॅटो सॉस, कमी मीठ-तेलाचं लोणचं, साठवायचा पल्प. साखर ४०-४५ टक्के असली की ती गोड पुरेशी असते, पण यीस्ट थांबवायला पुरत नाही. ही मधली जागा प्रिझर्व्हेटिव्हची.

अमृत कोकमाबद्दल एक सावधगिरी. गरम रस बाटलीत भरून लगेच झाकण लावलं की वाफ झाकणाच्या आत थेंब होऊन जमते आणि पुन्हा रसावर पडते. वरचा पातळ थर तेवढ्यापुरता विरळ होतो आणि पावसाळ्यात बुरशी नेमकी तिथून सुरू होते. खालचा सगळा रस चांगला असतो, पण बाटली गेलीच. गार करून भरा, किंवा गरम भरलीत तर झाकण लावल्यावर बाटली एक-दोन मिनिटं आडवी करून ठेवा.

दुसरी पायरी: आंबटपणा मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि बिघाडाची निम्मी कारणं इथेच असतात.

सोडियम बेंझोएट स्वतः जंतूंना मारत नाही. आंबट पदार्थात पडल्यावर त्याचं बेंझोइक आम्ल होतं आणि ते आम्ल जंतूच्या पेशीत शिरतं. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट. पीएच ३ असेल तर घातलेल्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कामाला लागतो. पीएच ४.२ ला निम्मा. पीएच ६ ला शंभरातला दीड-दोन भाग, म्हणजे घातलं काय नि नाही घातलं काय. केएमएसचंही गणित असंच आंबटपणावर चालतं. पोटॅशियम सॉर्बेट जरा पुढे, पीएच ६ च्या आसपासही थोडंफार काम करतं.

लिंबाचा आणि कोकमाचा रस पीएच २ ते २.५ च्या घरात असतो, तिथे चिंता नाही. पिकलेल्या हापूसचा रस ४ च्या आसपास आणि फळ जास्त पिकलं असेल तर त्याहून वर. म्हणूनच आंब्याच्या स्क्वॅशमध्ये सायट्रिक आम्ल घालतात. ते फक्त चवीसाठी नसतं. ओल्या खोबऱ्याची चटणी, वाटण, शिजवलेली डाळ हे पीएच ६ च्या आसपासचे पदार्थ. त्यांत बेंझोएट घालून बाहेर ठेवणं म्हणजे स्वतःला आणि गिऱ्हाइकाला फसवणं. त्यांची जागा फ्रीजरमध्ये.

४.६ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पीएच ४.६ च्या वर, हवा नसलेल्या जागी, बोट्युलिनम नावाचा जिवाणू विष तयार करू शकतो. त्या विषाला दरवेळी वास येत नाही, चव लागत नाही, आणि ते जीव घेऊ शकतं. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची पद्धत मला म्हणूनच धोक्याची वाटते. लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सढळ हाताने हवं, इतकं की पाकळीच्या आतपर्यंत आंबट लागेल.

पीएच मोजायला कागदाच्या पट्ट्या मिळतात, पण कोकम-जांभळासारख्या रंगीत रसात पट्टीचा रंग वाचता येत नाही. खिशात मावणारं पीएच मीटर घ्या, आणि ४ व ७ च्या द्रावणात आठवड्याला एकदा तपासून घ्या. न तपासलेलं मीटर नसल्यापेक्षा वाईट, कारण आपण त्याच्यावर विसंबतो.

तिसरी पायरी: कोणतं घालायचं

लाल, जांभळा रंग असेल तर सोडियम बेंझोएट: कोकम, जांभूळ, करवंद, डाळिंब, स्ट्रॉबेरी. पिवळा किंवा पांढुरका असेल तर केएमएस: आंबा, लिंबू, संत्रं, अननस, आवळा. केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो फळांच्या लाल-जांभळ्या रंगद्रव्याला फिकं करतो, माझ्या चाळीस बाटल्यांचं तेच झालं. उलट आंबा-आवळ्यासारख्या फळांचा रस हवेने काळपट पडतो, तिथे हाच वायू रंग राखतो.

दोन्ही एकत्र घालू नका. ‘थोडं हे, थोडं ते’ असं करणारे बरेच भेटतात. नियमाप्रमाणे एका पदार्थात दुसऱ्या वर्गातलं एकच प्रिझर्व्हेटिव्ह चालतं. काही पदार्थांना ठरावीक प्रमाणात सवलत आहे, पण घरी त्या फंदात पडू नका.

लिंबाच्या सरबताला मी बेंझोएट टाळते, त्याला आणखी एक कारण आहे. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र असले, त्यात ऊन आणि उष्णता मिळाली, की अत्यल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं. बेंझीन हे कर्करोगकारक. १९९० मध्ये अमेरिकेतल्या शीतपेयांत हे लक्षात आलं, २००५-०६ मध्ये पुन्हा तपासणी झाली आणि कंपन्यांना कृती बदलाव्या लागल्या. म्हणून लिंबू, आवळा, संत्र्याला केएमएस. आणि कोणतंही सरबत असो, दुकानाच्या दारात उन्हात बाटल्यांची रास लावणं बंद करा. उन्हात लाल काच छान चमकते, हे खरं, तरीही.

केएमएस असलेला पदार्थ पत्र्याच्या डब्यात भरू नका. वायू धातूशी लागला की काळं पडतं आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. काचेची बाटली, आणि झाकणाच्या आत अस्तर.

चौथी पायरी: वजन

आता काटा. सोनाराच्या काट्यासारखा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा बाजारात सहज मिळतो. तो नसेल तर प्रिझर्व्हेटिव्हची पुडी उघडू नका.

स्क्वॅश आणि सिरपसाठी कमाल मर्यादा अशी: सल्फर डायऑक्साइड किलोमागे ३५० मिलिग्रॅम, किंवा बेंझोइक आम्ल किलोमागे ६०० मिलिग्रॅम. पिण्यास तयार सरबतासाठी अनुक्रमे ७० आणि १२०. लोणच्यात बेंझोइक आम्ल २५०. हे आकडे त्या वायूचे आणि आम्लाचे आहेत, पुडीतल्या पावडरीचे नव्हेत, आणि गोंधळ इथेच होतो. केएमएसच्या वजनाच्या साधारण ५७ टक्के वायू सुटतो. सोडियम बेंझोएटच्या ८५ टक्के बेंझोइक आम्ल मिळतं. हिशेब केला की किलोभर तयार स्क्वॅशला केएमएस जास्तीत जास्त ०.६ ग्रॅम आणि बेंझोएट जास्तीत जास्त ०.७ ग्रॅम येतं. पाच किलो कोकम सिरपला बेंझोएट साडेतीन ग्रॅम. तयार मालाचं वजन धरायचं, फळाचं नाही.

चहाच्या चमच्यात सपाट भरून पाच ग्रॅमच्या आसपास पावडर बसते. तीन किलो स्क्वॅशमध्ये ‘एक चमचा’ केएमएस घातलं तर किलोमागे साडेनऊशे मिलिग्रॅमहून जास्त वायू झाला, म्हणजे मर्यादेच्या पावणेतीन पट. असं सरबत प्यायलं की घसा खवखवतो, खोकल्याची ढास लागते. ‘बाजारचं सरबत बाधलं’ असं लोक म्हणतात, त्यामागे काही वेळा हा एक चमचा असतो.

आंब्याच्या स्क्वॅशची माझी कृती देते, म्हणजे गणित हाताला लागेल. गाळलेला आमरस १ किलो, साखर १ किलो १०० ग्रॅम, पाणी ९०० ग्रॅम, सायट्रिक आम्ल ३० ग्रॅम. एकूण तीन किलोला थोडं वर. रस ३३ टक्के पडतो, नियमाला किमान २५ हवा. साखर धरून घनांश ४२ टक्क्यांच्या आसपास येतो, किमान ४० हवा. केएमएस १.८ ग्रॅम.

साखर, पाणी, सायट्रिक आम्ल एकत्र उकळा, मळी काढा, मलमलच्या कापडातून गाळा. मग थांबा. पाक पूर्ण गार होऊ द्या, भांड्याला हात लावला तर कोमटसुद्धा लागता कामा नये. त्यात आमरस घाला, एकजीव करा. वाटीभर स्क्वॅश बाजूला घेऊन त्यात केएमएस विरघळवा आणि अगदी शेवटी मोठ्या भांड्यात ओतून सावकाश, पण सगळीकडे फिरवा. गरम पाकात केएमएस घातलं तर वायू वाफेबरोबर उडून जातो, मग महिन्याभरात बाटली फसफसते आणि आपण म्हणतो पावडर बनावट होती. केएमएस आंबट रसात पडताना काडी ओढल्यावर नाकात जातो तसा झणका येतो. खिडकी उघडी ठेवा, भांड्यावर वाकू नका, आणि दम्याचा त्रास असलेल्या बाईला त्या वेळी दुसरं काम द्या.

बेंझोएटची तऱ्हा उलटी. ते उष्णतेला डरत नाही, पण कोरडी पावडर थेट आंबट सिरपमध्ये टाकली की पडेल तिथे त्याचं बेंझोइक आम्ल होतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि तळाशी पांढरे कण बसतात. बाटलीच्या वरच्या भागात मात्रा नाही, तळाला जास्त. म्हणून आधी चार-पाच चमचे साध्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, आणि ती धार सिरप ढवळत ढवळत सोडा.

पावडर घेताना ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं, परवाना क्रमांक असलेलं छोटं पाकीट घ्या. स्वस्त मिळतं म्हणून सुटं, पोत्यातलं घेऊ नका. उघडलेलं केएमएस ओलाव्याने कमजोर होत जातं. एका हंगामाचं पुढच्या हंगामाला नको.

पाचवी पायरी: स्वच्छता

प्रिझर्व्हेटिव्ह घाण झाकत नाही. थोडे जंतू असतील तर ते त्यांना रोखून धरतं. रसात आधीच लाखोंनी यीस्ट असेल तर हरतं. बेंझोएटला दाद न देणारं यीस्टही असतं आणि ते बहुधा नीट न धुतलेल्या नळीत, बाटली भरायच्या नरसाळ्यात घर करून बसतं. फळ निवडून, तीन पाण्यांनी धुऊन घ्या. डागाळलेला भाग कापून उरलेलं वापरणं भाजीला ठीक, सिरपला नाही. बाटल्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटं, मग उलट्या घालून निथळू द्या. गळ्याशी दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून भरा.

बाटली उघडताना फस्स आवाज आला, झाकण वर फुगलं, वर बुडबुड्यांचा थर दिसला, तर ती बॅच संपली. पुन्हा उकळून, पुन्हा पावडर घालून भरणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. आधीचं प्रिझर्व्हेटिव्ह आतच असतं, त्यात दुसरं पडतं, मर्यादा कधीच ओलांडलेली असते, आणि आंबलेली चव तरीही जात नाही.

मर्यादेत म्हणजे सुरक्षित का?

प्रशिक्षणात हा प्रश्न दरवेळी येतो, बहुधा लहान मुलांच्या आयांकडून. त्यांना ‘सरकारमान्य आहे’ एवढं उत्तर पुरत नाही, आणि पुरूही नये.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती प्रत्येक प्रिझर्व्हेटिव्हसाठी एक मात्रा ठरवते: रोज, आयुष्यभर घेतली तरी अपाय होऊ नये इतकी. ती शरीराच्या वजनावर असते. बेंझोइक आम्लासाठी ती पूर्वी किलोमागे ५ मिलिग्रॅम होती, २०२१ मध्ये समितीने २० केली. सल्फर डायऑक्साइडसाठी फक्त ०.७ मिलिग्रॅम.

आता हिशेब करू. २०० मिलिलिटरचा पेला, एक भाग स्क्वॅश नि तीन भाग पाणी. म्हणजे ५० मिलिलिटर स्क्वॅश, वजनाने सुमारे ६० ग्रॅम. त्यात पूर्ण मर्यादेइतकं केएमएस असेल तर सल्फर डायऑक्साइड २१ मिलिग्रॅम. वीस किलो वजनाच्या मुलाची दिवसाची मात्रा १४. एका पेल्यात ओलांडली! साठ किलोच्या माणसाला ४२, म्हणजे दोन पेले. बेंझोएटचं सिरप त्याच प्रमाणात घेतलं तर ३६ मिलिग्रॅम होतात, आणि जुन्या कडक मात्रेनेही त्या मुलाला १०० चालतात.

याचा अर्थ एक पेला प्यायल्याने मूल आजारी पडेल असा नाही. मात्रा रोजची, आयुष्यभराची आहे, आणि साठवणीत वायू हळूहळू कमीही होतो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दोनदा आंब्याचा स्क्वॅश, हे लहान मुलाला नको, असं मी स्पष्ट सांगते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनेही २०२२ मध्ये सल्फाइट जास्त खाणाऱ्यांबद्दल चिंता नोंदवली आहे. दमेकऱ्यांपैकी काहींना तर थोड्या सल्फाइटनेही धाप लागते. त्यांनी पिवळाधमक बेदाणा आणि केशरी रंगाचं सुकं जर्दाळू खातानाही विचार करावा, तो रंग बहुधा गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो.

म्हणून ०.६ ग्रॅम हा आकडा कमाल आहे, रोजच्या वापराचा नव्हे. माल फ्रीजमध्ये ठेवून दोन महिन्यांत खपणार असेल तर मी निम्मंच घालते. घरच्या मुलांसाठी आमरस बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवते, त्यात काहीच घालावं लागत नाही.

‘केमिकल’ या शब्दाने मात्र घाबरू नका. आपण रोज खातो त्या दह्यात विरजणाच्या क्रियेत थोडं बेंझोइक आम्ल आपोआप तयार होतं. लवंग-दालचिनीतही ते असतं.

दुकानातलं पाकीट वाचताना

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. आंब्याच्या पेयात पाणी, साखर आणि मग तिसऱ्या जागी आंबा असेल तर काय ते समजा. पुढे येतात आयएनएस क्रमांक. सगळे आकडे भीतीचे नसतात: ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० सायट्रिक आम्ल, ४४० पेक्टिन, म्हणजे पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते ते. १०० म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन, ५०० च्या दुसऱ्या प्रकारचा अर्थ आपला खायचा सोडा. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बहुतेक २०० ते २९० मधले आकडे: २०२ पोटॅशियम सॉर्बेट, २११ सोडियम बेंझोएट, २२० ते २२४ सल्फाइट मंडळी, २५० सोडियम नायट्राइट, २८२ कॅल्शियम प्रोपिओनेट. शेवटचं पाव-ब्रेडमध्ये बुरशी थांबवायला असतं आणि त्याबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. नायट्राइट हॅम-सॉसेजमध्ये बोट्युलिनमला रोखतं, काम महत्त्वाचं आहे. पण प्रक्रिया केलेलं मांस २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं, तेव्हा ते रोजच्या डब्यात नको.

मी सगळ्यात कडक असते ती रंगांच्या बाबतीत, कारण रंगाने काहीही टिकत नाही. तो फक्त डोळ्यांना फसवतो. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि बेंझोएट यांचं मिश्रण दिलेल्या मुलांत चंचलता वाढलेली दिसली. त्यानंतर २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पाकिटांवर इशारा छापावा लागतो. आपल्याकडे चालणारे टारट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोईसीन (१२२) आणि पोन्सो ४आर (१२४) हे त्यांतलेच. हळद, तिखट, मसाल्यांत कोणताच कृत्रिम रंग चालत नाही. आणि ऱ्होडामाइन बी, मेटॅनिल यलो हे तर खाण्याचे रंगच नव्हेत. कापूस-कँडीतल्या ऱ्होडामाइनमुळे २०२४ च्या सुरुवातीला तमिळनाडू आणि कर्नाटकाला कारवाई करावी लागली. तुमच्या कोकमात रंग घालायचा मोह झाला तर समजा की कातळा जुना आहे किंवा पाणी जास्त झालंय. तो दोष तिथेच दुरुस्त करा.

शेवटची पायरी: तुमच्या बाटलीवरची चिठ्ठी

नोंदणी किंवा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारीख, बॅच क्रमांक, पत्ता हे तर हवंच. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणं बंधनकारक आहे. त्याच्या जोडीला मराठी जरूर छापा, पण एकट्या मराठीवर भागत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह लपवू नका. ‘परिरक्षक (आयएनएस २११)’ असं सरळ लिहा. सल्फाइट किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ‘सल्फाइट आहे’ हे वेगळं लिहावं लागतं, आणि ती ओळ एखाद्या दमेकऱ्यासाठी फार मोलाची असते. ‘उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, महिन्याभरात संपवा, कोरडा चमचा वापरा’ हेही घाला.

एक वही करा. प्रत्येक बॅचला एक पान: तारीख, फळ कुठून आलं, तयार वजन, पीएच, पावडरीचं नाव, ग्रॅम, काटा कोणी वाचला. आणि प्रत्येक बॅचमधल्या दोन बाटल्या विकू नका. एक फडताळात अंधारात, एक उजेडात ठेवा, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही शेजारी धरून रंग बघा, झाकण बघा, आणि सहाव्या महिन्यात एक उघडून चाखा. मुदत किती छापायची ते प्रयोगशाळेच्या तपासणीवर ठरवायचं, पण आपल्या मालाचं काय होतंय हे त्या दोन बाटल्या गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला सांगतात.